चष्मा करायला निघण्याआधी टेप शोधा

घरात शिवणाची टेप असेल ना? ती काढा. तुम्ही रोज ज्या जागी काम करता तिथे नेहमीसारखे बसा, मुद्दाम ताठ बसू नका, आणि घरातल्या कोणालातरी तुमच्या डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. पेपर किती लांब धरता, मोबाईल किती, कॉम्प्युटर किती, शिलाई मशीनची सुई किती. आकडे एका चिठ्ठीवर लिहा आणि डोळे तपासायला जाताना ती चिठ्ठी न्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने एवढं केलं तरी नव्या चष्म्याच्या बऱ्याच तक्रारी चष्मा व्हायच्या आधीच मिटतात.

माझं इचलकरंजीत चष्म्याचं दुकान आहे. ऑप्टोमेट्री शिकून मी इथेच बसले. समोर येणारी माणसं म्हणजे मागावरचे कामगार, मेंडिंग (विणलेल्या कापडातले दोष दुरुस्त करणं) करणाऱ्या बायका, शाळेची पोरं, आणि वहिफणी करणारे. वहिफणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. नवं बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, मागावर चढवण्याआधी त्याचा एकेक धागा वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, बारीक छिद्रातून आणि मग फणीच्या घरातून ओवून घ्यावा लागतो. हजारो धागे असतात. एक जरी चुकीच्या घरात गेला तरी पुढे सगळ्या कापडात तो दोष दिसत राहतो.

असेच एक वहिफणीवाले काका, साठीच्या पुढचे, दुसरीकडून केलेला नवाकोरा चष्मा घेऊन आले. पेपर स्वच्छ दिसत होता, धागा दिसत नव्हता. ‘ताई, नंबर चुकलाय बघा ह्यो.’ मी काच मशीनवर लावून पाहिली, नंबर कागदाप्रमाणे अगदी बरोबर होता. मग त्यांना म्हटलं, कामावर बसता तसे बसा आणि धागा धरल्यासारखा हात धरा. टेप लावली तर अंतर निघालं ५५ सेंटिमीटर. चष्मा मात्र ४० सेंटिमीटरवर पेपर वाचण्यासाठी बनवलेला.

यामागचं गणित सोपं आहे. शंभरला त्या अंतराच्या सेंटिमीटरने भागायचं. ४० सेंटिमीटरसाठी अडीच नंबरची ताकद लागते, ५५ साठी पावणेदोनच्या आसपास, ६५ वरच्या कॉम्प्युटरसाठी साधारण दीड. तरुणपणी ही ताकद डोळ्यातलं नैसर्गिक भिंग स्वतःच पुरवतं, कारण ते लवचिक असतं. वय वाढतं तसं ते कडक होत जातं. चाळिशीत थोडी मदत लागते, साठीपर्यंत जवळजवळ सगळीच ताकद काचेतून द्यावी लागते. त्या वयात जवळचा चष्मा एका ठरावीक अंतरावरच नीट दाखवतो. त्या अंतराच्या पुढचं धूसर दिसतं, मग माणूस मान पुढे काढून बसतो आणि संध्याकाळी मान धरली म्हणून बाम लावतो. काकांना कामासाठी वेगळी काच घालून दिली आणि पेपरचा चष्मा घरी ठेवायला सांगितला.

म्हणून नंबर काढणाऱ्याने तुम्ही काय काम करता हे विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. ड्रायव्हर आहात, भाकरी-चपातीचा व्यवसाय आहे, सोनारकाम करता, दिवसभर फळ्यावर लिहिता, सगळं सांगा.

तपासणीला बसल्यावर

जुना चष्मा, मोडका असला तरी, बरोबर घ्या. मागचा कागद असेल तर तोही. साखर, रक्तदाब किंवा संधिवाताच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती किती आधी काढायची ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. रात्रपाळी करून थेट येऊ नका. झोप काढा, मग या.

सुरुवातीला एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बघायला सांगतात आणि एक चिठ्ठी बाहेर पडते. तो तुमचा नंबर नव्हे, तो अंदाज आहे. तेवढ्या चिठ्ठीवर काच घालून देणारं दुकान असेल तर तिथून उठा. खरी तपासणी पुढे होते. ट्रायल फ्रेम नाकावर चढते, एकेक काच बदलली जाते आणि ‘ही बरी की ही’ असं विचारलं जातं.

इथे बहुतेकांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. खालची ओळ वाचता आली नाही तर लाज वाटते, म्हणून अंदाजाने ठोकून देतात. काहींना तक्ता पाठ असतो. ‘दोन्ही सारखंच दिसतंय’ म्हणायला लोक कचरतात, पण ते पूर्ण उत्तर आहे आणि आम्हाला बऱ्याचदा तेच हवं असतं. शेवटी लाल आणि हिरव्या पाटीवरची काळी अक्षरं दाखवतात, कुठली जास्त गडद विचारतात. लांबचा, म्हणजे उणे नंबर असलेल्या तरुणाने हिरव्यावरची सांगितली, तर मी काच थोडी उतरवते. कारण गरजेपेक्षा जास्त उणे नंबर दिला की अक्षरं बारीक आणि काळीभोर दिसतात, पोरं खूश होतात, ‘एकदम भारी दिसतंय’ म्हणतात. पण तो जादा नंबर डोळ्याला दिवसभर आतून ओढून धरावा लागतो आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. तेव्हा काच बदलल्यावर स्वतःला विचारा: अक्षर खरंच वाचता येतंय, की नुसतं काळं झालंय?

सगळं झाल्यावर ट्रायल फ्रेम घालून उठा. दारापर्यंत चाला, समोरच्या दुकानाची पाटी वाचा, पायरी उतरून पाहा. तिरपा नंबर, म्हणजे सिलिंडर, पहिल्यांदाच लागत असेल किंवा बदलला असेल तर हे नक्की करा. जमीन तिरकी किंवा उंचसखल वाटली तर तिथेच सांगा.

नंबरचा कागद मागून घ्या. तो तुमचा आहे. त्यावर प्रत्येक डोळ्याचा गोल, म्हणजे मुख्य नंबर, सिलिंडर असेल तर तो आणि त्याचा कोन (१ ते १८० मधला आकडा), चाळिशीनंतरचा जवळचा वाढीव नंबर, आणि दोन बुबुळांमधलं अंतर, ज्याला आम्ही पीडी म्हणतो, हे सगळं असायला हवं. मोठ्या माणसांत पीडी बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान भरतो. काचेचा मध्य बुबुळासमोर यायला हवा, नाहीतर नंबर बरोबर असूनही डोळे ताणले जातात, आणि नंबर जितका मोठा तितका हा ताण जास्त. अधिक आणि उणे ही चिन्हं डोळ्यांनी पाहून खात्री करा. ऑनलाइन चष्मा मागवत असाल तर पीडी आधी नीट मोजून घ्या. साधा एक नंबरी, म्हणजे सगळ्या काचेत एकच नंबर असलेला, चष्मा ऑनलाइन चालतो. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं, मधलं आणि जवळचं दाखवणारा, मात्र तसा मागवू नये, असं माझं ठाम मत आहे.

रस्त्यावर दीडशे-दोनशेला मिळणाऱ्या तयार चाळिशीबद्दल नेहमी विचारतात. त्याने डोळा खराब होत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर चालत असेल आणि सिलिंडर नसेल तर वाचनापुरती ती निभावतेही. तोटा वेगळाच आहे: चाळिशी परस्पर मिळाली की माणूस तपासणीला जातच नाही, आणि ज्या वयात आतून डोळा तपासायला हवा नेमकं त्याच वयात ती तपासणी राहून जाते.

नंबर म्हणजे सगळी तपासणी नव्हे

हे मी माझ्या दुकानातही रोज सांगते. मी नंबर काढते, काच देते, काही संशय आला तर पाठवते. पण डोळ्याच्या मागचा पडदा, नस आणि आतला दाब बघायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावंच लागतं. काचबिंदू बहुतेकांना काहीच त्रास न देता नजर खातो. आधी कडेकडेची नजर जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून कळत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट न बघता डॉक्टरांना सांगून तपासणी सुरू करा.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून, पडद्याची तपासणी. नजर छान असली तरी. थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत जाऊ नका, बरोबर कोणीतरी घ्या आणि गॉगल न्या.

दोन गोष्टींवर मी लगेच थांबते. पहिली म्हणजे नंबर अचानक बदलणं. महिन्याभरात दीड-दोन नंबरने फरक पडलेलं माणूस आलं की मी चष्मा करत नाही, आधी साखर तपासून आणायला सांगते. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार आणि गुण बदलतो आणि नंबर हलतो. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहिली की मगच काच करायची, नाहीतर पैसे वाया. कित्येकांना मधुमेह असल्याचं अशा चष्म्याच्या निमित्तानेच कळतं.

दुसरी गोष्ट घरच्यांना फार आनंदाची वाटते. पंचाहत्तरीच्या आज्जी एकदम चष्म्याशिवाय पोथी वाचायला लागतात. ‘आमच्या आज्जींची नजर परत आली बघा!’ बऱ्याचदा हे मोतीबिंदूचं लक्षण असतं. भिंगाचा गाभा घट्ट होतो, लांबचा उणे नंबर वाढत जातो आणि त्यामुळे काही काळ जवळचं विनाचष्मा दिसतं. घाबरायचं कारण नाही, पण लांबचं किती दिसतंय ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा किंवा जाळ्यांचा एकदम पाऊस पडणं, नजरेवर एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, यात चष्म्याचा काही संबंध नाही. पडदा सुटत असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मोठा उणे नंबर असलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

पोरांचे डोळे

पोर तक्रार करत नाही म्हणून नजर चांगली आहे, असं समजू नका. एक डोळा कमजोर असेल तर ते दुसऱ्या डोळ्यावर सगळं निभावून नेतं, आणि त्याला तसंच दिसत आलेलं असल्याने त्यात काही वेगळं आहे हे त्याला माहीतच नसतं. वापर न झालेला डोळा आळशी पडतो. लवकर, म्हणजे सात-आठ वर्षांच्या आत, चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून तो बऱ्यापैकी कामाला लावता येतो. उशीर होईल तसं अवघड होत जातं. म्हणून शाळेत घालण्याच्या सुमारास, तीन-चार वर्षांच्या वयात, एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. डोळा तिरळा दिसत असेल किंवा फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसत असेल तर त्यासाठीही थांबू नका.

घरी खेळता खेळता करून बघण्यासारखी गोष्ट: एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला किंवा चित्रं ओळखायला सांगा, मग दुसरा झाकून तेच. एक डोळा झाकला की पोर हात झटकतंय, चिडतंय, असं झालं तर उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो, असं समजा. टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसणं, वहीत नाक खुपसणं, मान वाकडी करून बघणं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवणं, ही लक्षणं. यातली बरीच आधी शिक्षकांना दिसतात, त्यांना विचारत राहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुलांची जी आरोग्य तपासणी होते, त्यात नजरही पाहतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि पुढे दाखवायची चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात राहू देऊ नका.

लहान मुलांचा नंबर डोळ्यात थेंब घालूनच काढावा, कारण त्यांच्या भिंगात इतकी ताकद असते की खरा नंबर लपून राहतो. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत घराघरांत आहे. पोर वाढतं तसा डोळाही लांबतो आणि नंबर वाढतो, चष्मा असो वा नसो. मुद्दाम कमी नंबर देऊनही तो थांबत नाही. उपयोग होतो तो उन्हातान्हात, मोकळ्या हवेत खेळण्याचा. रोज दोनेक तास तरी पोर बाहेर हवं. नंबर भराभर वाढत असेल तर आता त्यासाठी खास थेंब आणि खास काचा आहेत, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मुलांना काच पॉलिकार्बोनेटचीच घाला. चेंडू लागला तरी तिचे धारदार तुकडे होत नाहीत.

फ्रेम आणि काच

काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, उदाहरणार्थ ५० – १८ – १४०. एका काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमचा जो जुना चष्मा अंगवळणी पडलाय त्याचे आकडे बघून तशीच फ्रेम मागा, दुकानात अर्धा वेळ वाचेल. घातल्यावर हसून बघा. हसताना फ्रेम गालाने वर उचलली जात असेल तर ती तुमची नव्हे. खाली वाकून बघा, घसरतेय का. रुंद, बसक्या नाकाला धातूच्या फ्रेमची हलवता येणारी गादी चांगली, नाकाचा भाग साच्यातच ओतलेली सेल (प्लॅस्टिकची) फ्रेम घसरते. घामाचं काम असेल तर टीआर-९० सारखी हलकी प्लॅस्टिकची घ्या. कोल्हापूर-सांगलीच्या दमट पावसाळ्यात स्वस्त धातूवर हिरवा गंज चढतो आणि नाकावर डाग पडतो.

मोठा उणे नंबर असेल तर सध्या फॅशनमध्ये असलेली मोठी चौकोनी फ्रेम टाळा. उणे काच कडेला जाड होते, म्हणून फ्रेम जितकी लहान आणि गोलसर, तितकी कडा पातळ. डोळा फ्रेमच्या मधोमध आला की आणखी फायदा. आधी अशी फ्रेम निवडा, मग पातळ काचेचा खर्च करायचा की नाही ते बघा. साधी सीआर-३९ प्लॅस्टिक काच दोन-अडीच नंबरपर्यंत उत्तम दिसते. त्यापुढे १.६० इंडेक्सची (हा आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ) आणि मोठ्या नंबरला १.६७ ची पातळ काच. प्रतिबिंब कमी करणारा एआरसी थर मात्र सगळ्यांनी घ्यावा. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास कमी होतो.

ब्लू कटसाठी, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी, मी कोणालाही जादा पैसे द्यायला सांगत नाही. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने तोपर्यंतच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी कमी होतो असं काही दिसलं नाही. स्क्रीनपुढे आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा, पापण्या मिटा, पंखा तोंडावर घेऊ नका. उन्हात काळी होणारी काच घेतलीत तर चारचाकीच्या आत ती फारशी काळी होत नाही हे आधीच माहीत असू द्या. गाडीची पुढची काच अतिनील किरण अडवते, आणि चष्म्याची काच त्या किरणांनीच काळी होते.

प्रोग्रेसिव्ह घ्यायचं की डी बायफोकल, म्हणजे लांबच्या काचेत खाली जवळचा डी आकाराचा तुकडा असलेली काच? लांब, मधलं आणि जवळचं सगळं दिवसभर आलटूनपालटून लागत असेल, शिक्षक किंवा दुकानदार असाल, तर प्रोग्रेसिव्ह. फ्रेमची उंची पुरेशी हवी, आणि फ्रेम तुमच्या नाकावर बसवल्यानंतरच काचेवर पेनाने बुबुळाची खूण करून घ्यायला हवी. ही खूण न करता प्रोग्रेसिव्ह बनवणाऱ्याला पैसे देऊ नका. वापरताना नजर नुसती बाजूला न फिरवता नाक त्या दिशेला वळवायचं. कडेला धूसर दिसणारच, तो काचेचा दोष नाही. सवयीला एक-दोन आठवडे द्या, जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन बघा. वहिफणी किंवा मेंडिंगसारखं एकाच अंतराचं काम असेल तर प्रोग्रेसिव्हवर खर्च नको. कामाच्या अंतराची एक नंबरी काच स्वस्त पडते आणि दिसतंही रुंद.

चष्मा घ्यायला गेल्यावर तो उघडून टेबलावर उलटा ठेवा. डुगडुगला तर काड्या सरळ करून मागा. दोन्ही काचांचा नंबर मशीनवर लावून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगला दुकानदार आनंदाने दाखवतो.

रोजचं पुसणं

इचलकरंजीत कापसाचा बारीक भुगा हवेत असतो, त्यात धूळ मिसळलेली असते. ती काचेवर असताना पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलं की आपण काच घासतोय. आधी नळाखाली गार पाण्याने धुवा. मग भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजू, नाकाची गादी आणि काडीचा कानामागचा भाग चोळा, पुन्हा पाण्याखाली धरा, झटका, आणि स्वच्छ मायक्रोफायबरने टिपा. ते फडकंही आठवड्याला साबणाने धुवा. गरम पाणी, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. थर उडतो, पॉलिकार्बोनेटला तडे जातात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याच्या थराला बारीक भेगा पडतात, त्या पुन्हा जात नाहीत.

दोन्ही हातांनी काढा आणि घाला. एका हाताने ओढून काढला की एक बिजागर सैल होतं आणि चष्मा तिरका बसायला लागतो. ठेवताना काच वर. मोडला तर फेविक्विक लावू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर येतो आणि नंतर आम्हालाही तो जोड नीट करता येत नाही. स्क्रू सैल झाला तर कोणत्याही चष्म्याच्या दुकानात घट्ट करून मिळतो, बहुतेक ठिकाणी पैसेही घेत नाहीत.

नवा चष्मा आला तरी जुना फेकू नका, डबीत तारखेसह नंबरची चिठ्ठी घालून ठेवा. नंबरच्या कागदाचा आणि पीडीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि घरच्या एकाला पाठवून ठेवा. परगावी चष्मा फुटला तर त्या फोटोवरून साधी एक नंबरी काच बऱ्याच दुकानांत त्याच दिवशी घालून मिळते.